सोडून गेलेला पालक, मुलाचं आजारपण आणि सरकारी आरोग्य योजना : कोणता खर्च कोणाकडे मागायचा?



आजचा पाठ कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात नाही. तरीही तो शाळेशी जोडलेला आहे. वर्गात एखादं तरी मूल असं असतं की ज्याच्या प्रवेश अर्जावर वडिलांचं नाव आहे, पण वडील घरी नाहीत. कुणी मुंबईला कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. कुणी दुसरं घर केलं. कुणी गावातच आहे पण बायकोला नांदवत नाही. मूल तब्येतीने ठणठणीत असेल तोवर आई कसंबसं निभावून नेते. मूल आजारी पडलं की मात्र खरा प्रश्न उभा राहतो, की दवाखान्याचा खर्च करायचा कुणी? सरकारने, आईने, की निघून गेलेल्या बापाने?

आपल्याकडे याची दोन उत्तरं आहेत आणि ती दोन वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. एक आरोग्य खात्याकडे, दुसरं न्यायालयात. या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. त्यामुळे आईला एक मिळालं तर दुसरं मिळत नाही असा गैरसमज पसरलेला आहे. पालक सभेत मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल: "सर, पोटगीची केस टाकली तर योजनेचं कार्ड बंद होईल म्हणतात." हे खरं नाही. आज तेच नीट समजून घेऊ.

आजार कळतो कुठे?

बऱ्याचदा शाळेतच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते, अंगणवाडीत दोनदा. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पथकातले डॉक्टर ० ते १८ वयाच्या मुलांमध्ये चार गोष्टी बघतात: जन्मजात व्यंग, लहान वयातले आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि वाढीत पडलेला उशीर. काही आढळलं तर चिठ्ठी देऊन पुढे पाठवतात. आपल्या नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय किंवा शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय.

शिक्षकांनो, ही चिठ्ठी फार मोलाची आहे. मुलाच्या हातात देऊन "घरी दाखव" म्हणू नका. आईला बोलावून द्या आणि एक झेरॉक्स शाळेच्या फाईलला लावा. ती का, ते पुढे कळेल.

सरकार काय देतं

आधी योजनेबद्दल. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर आली, आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होतं. २०२३ मध्ये सरकारने ते पाच लाख करायचं ठरवलं आणि पिवळं, केशरी, पांढरं असं कोणतंही रेशनकार्ड असलं तरी योजना लागू केली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ पासून आहे, ती आपल्याकडे याच योजनेला जोडून चालते.

आता आपल्या प्रश्नाकडे. कार्डाचा रंग कोणताही असला तरी योजना मिळते म्हटल्यावर आईला पोटगीचे दोन-तीन हजार आले म्हणून योजना जाण्याचा प्रश्न येतोच कुठे? रुग्णालयातला आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि ओळखपत्र बघतो. "मुलाचे वडील पैसे देतात का?" असं तो विचारत नाही, आणि त्याला ते विचारायचं कारणही नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पाच लाख ही रक्कम माणशी नसते, सगळ्या कुटुंबाला मिळून असते, आणि कुटुंब म्हणजे कोण हे रेशनकार्डावरून ठरतं. निघून गेलेल्या बापाचं नाव अजून त्याच कार्डावर असेल तर त्याचं ऑपरेशनही त्याच रकमेतून होणार. उलट प्रकार जास्त वाईट. आई माहेरी आलेली, पण तिचं आणि मुलांचं नाव सासरच्या कार्डावर, आणि ते कार्ड सासूच्या कपाटात. मूल ॲडमिट करायच्या दिवशी हे कळून उपयोग नाही. म्हणून वेगळं राहायला लागल्यावर पहिलं काम म्हणजे तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत (नाशिक शहरात धान्य वितरण अधिकारी कार्यालयात) जाऊन आपलं आणि मुलांचं नाव वेगळ्या कार्डावर करण्याचा अर्ज देणं. मुलाचं आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर तेही दुरुस्त करून घ्या. शाळेचं बोनाफाईड अशा वेळी उपयोगी पडतं, ते द्यायला मुख्याध्यापकांनी कंटाळा करू नये.

(जाता जाता: आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आभा क्रमांक आरोग्याच्या नोंदींसाठी असतो, त्यावर ऑपरेशन फुकट होत नाही. हा गोंधळ शिकलेल्या माणसांचाही होतो.)

योजना काय देत नाही

इथेच सगळा खेळ आहे. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. दाखल असताना खाट, ऑपरेशन, तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण, एवढंच नव्हे तर घरी जायचं एस.टी.चं भाडंसुद्धा त्यात धरलेलं आहे. पण लहान मुलांचे कितीतरी आजार ऑपरेशनचे नसतात, ते रोजच्या गोळीचे असतात. फिट्स, दमा, थायरॉईड. इथे दाखल व्हावंच लागत नाही, वर्षानुवर्षं औषध घ्यावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. बरोबर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, औषध सगळं मोफत झालं. त्याचा आधी पूर्ण उपयोग करून घ्यावा. पण साठा नसला की बाहेरची चिठ्ठी मिळते. शिवाय पेठ-सुरगाण्याहून नाशिकला यायचं भाडं आणि आईची बुडालेली मजुरी जन आरोग्य योजना देत नाही.

समजा, एका मुलीला फिट्सचा त्रास आहे. तिच्या आईचा हिशोब चौथीच्या गणितासारखा मांडून बघू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

बाहेरून घ्यावं लागणारं औषध महिन्याला ९०० रुपये, म्हणजे वर्षाचे १०,८००. दर दोन महिन्यांनी नाशिकची फेरी, म्हणजे वर्षाला सहा. प्रत्येक फेरीला दोघींचं जाण्यायेण्याचं भाडं २४० आणि आईची एक दिवसाची मजुरी ४००, मिळून ६४०. सहा फेऱ्यांचे ३,८४०. वर्षातून तीनदा रक्ततपासणी, एका वेळेला ७०० प्रमाणे २,१००. एकूण १६,७४०. भागिले बारा केलं की महिन्याला १,३९५ रुपये.

या १,३९५ रुपयांसाठी सरकारकडे हात पसरायची गरज नाही. यात बापाचाही वाटा आहे आणि कायदा तसंच म्हणतो.

कायदा काय म्हणतो

पोटगी म्हणजे फक्त पोटापुरतं, असं आपण शब्दावरून धरून चालतो. पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ यात निर्वाहाची व्याख्या आहे. तिच्यात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार हे सगळं येतं. हीच जबाबदारी आईवरही आहे बरं का. आई सोडून गेली आणि बाप किंवा आजी मूल सांभाळत असेल तर तिकडूनही विचार होतो. आपल्या गावांत हे क्वचित दिसतं, म्हणून मी सगळीकडे "बाप" लिहितो आहे.

दुसरा रस्ता जास्त वापरातला. पूर्वी ज्याला सगळे "एकशे पंचवीस" म्हणायचे, तो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. वकील मंडळी अजून जुनाच आकडा बोलतात, गोंधळू नका. हे कलम कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू आहे. मालेगावच्या पालकांसाठी मुद्दाम सांगतो, १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम मुलांनाही हा हक्क आहे असं स्पष्ट केलं आहे. आईबापाचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क जात नाही. आणि शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे मूल स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर अठरा वर्षांनंतरही तो राहतो, फक्त मुलीचं लग्न झालेलं नसावं. दिव्यांग मुलांच्या पालकांना हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगितलं.

या कलमात पूर्वी महिन्याला पाचशे रुपये अशी वरची मर्यादा होती. २००१ मध्ये ती काढून टाकली. तेव्हापासून रक्कम बापाची ऐपत आणि मुलाची गरज बघून ठरते. गरज ठरवायची तर ती दाखवावी लागते, म्हणून मघाचा हिशोब आणि शाळेच्या फाईलमधली ती झेरॉक्स.

४ नोव्हेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, रजनेश विरुद्ध नेहा. त्यात दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरवून दिलं. मुलाच्या खर्चात औषधोपचार धरायचे हेही त्यात आहे. आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही. केस दोन वर्षं चालली तरी ती दोन वर्षं वाया जात नाहीत. खालच्या कोर्टाच्या तारखांना वैतागून अर्ज सोडून देणाऱ्या ताईंनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अर्ज आई राहते तिथेही करता येतो. नवरा भिवंडीला असला म्हणून भिवंडीच्या चकरा माराव्या लागत नाहीत. नाशिक शहरात कौटुंबिक न्यायालय आहे, तालुक्याला न्यायदंडाधिकारी. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. फोन करायचा तर १५१००.

पोटगी आधीच ठरलेली आहे आणि आजार नंतर निघाला, तर? तर नवीन केस नको. कलम १४६ खाली रक्कम वाढवून मागता येते, कारण परिस्थिती बदलली आहे. ठरली होती तेव्हा मुलगी धडधाकट होती, आता तिला रोज गोळी लागते. यापेक्षा मोठा बदल काय असतो?

मारहाण, छळ झाला असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही आहे. त्याच्या कलम २० मध्ये वैद्यकीय खर्च हा शब्द थेट लिहिलेला आहे, आणि नवरा पैसे देत नसेल तर त्याच्या पगारातून परस्पर कापून द्या असं न्यायालय त्याच्या मालकाला सांगू शकतं.

बाप कंपनीत असेल तर

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी हा भाग वेगळा लिहितो, कारण तो सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर बहुतेक कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ई.एस.आय.मध्ये असतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के कापले जातात. या पैशातून फक्त त्याचा उपचार होत नाही, त्याच्यावर अवलंबून असलेल्या अल्पवयीन मुलांचाही होतो. आणि इथे बाह्यरुग्ण तपासणी, रोजची औषधं, दाखल होणं सगळंच आलं. म्हणजे जन आरोग्य योजनेतली नेमकी जी फट आहे ती इथे भरून निघते.

अडचण एकच. कुटुंबात कोण कोण आहे ते कामगाराने स्वतः लिहून द्यायचं असतं. सोडून गेलेला बाप ते लिहीत नाही. तेव्हा पोटगीच्या अर्जातच ही मागणी वकिलाकडून लिहून घ्या: मुलाचं नाव ई.एस.आय.मध्ये घालावं आणि कार्डाची प्रत आईला द्यावी. यात बापाच्या खिशातून एक रुपयाही जास्त जात नाही, त्यामुळे नाही म्हणायला त्याला कारण सापडणं अवघड.

अमेरिकेत हेच काम सरकार स्वतः करतं. तिथे गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी आरोग्य योजना आहे. एकट्या आईने मुलासाठी ती घेतली की बापाकडून वैद्यकीय खर्च मागायचा आपला हक्क ती सरकारकडे सोपवते. मग सरकार बापाच्या मागे लागतं. त्याच्या कंपनीला नोटीस जाते की कामगारांच्या आरोग्य विम्यात या मुलाचं नाव घाला. बापाकडून वैद्यकीय खर्चापोटी पैसे आले तर आधी सरकार आपला खर्च वळता करून घेतं, उरलं तर आईला. बापाकडून मारहाणीची भीती असेल तर आईला यातून सूट मागता येते.

कुठली पद्धत बरी? मला तिथली नोटीस आवडली, आधी सरकारने घ्यायचं ही पद्धत नाही आवडली. आपल्या रुग्णालयाच्या दारात बापाची चौकशी होत नाही, हा आपल्या योजनेचा मोठेपणाच आहे. पण त्यामुळे बाप पूर्ण सुटून जातो. मूल सरकारने बरं केलं, औषधं आईने आणली, आणि त्याने फक्त नाव लावलं. आपल्याकडे बापाच्या मागे लागायचं काम एकट्या आईवर पडतं, निदान त्यासाठी लागणारे कागद तरी तिच्या हातात असावेत.

वही घाला

माझी सगळ्या पालकांना एकच विनंती असते: दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर तारीख, कुठे गेलो, डॉक्टर काय म्हणाले. उजव्या पानावर खर्च, त्याचे दोन भाग: योजनेतून झालेला आणि पदरचा. योजनेतून झालेला खर्च बापाकडे मागायचा नाही, तो तुम्ही केलेला नाही. तो मागितला की समोरचा वकील तेवढ्यावरून सगळा हिशोब खोटा ठरवायला बघतो. औषधाच्या दुकानातून पावती मागून घ्या, मागच्या बाजूला मुलाचं नाव लिहा आणि डिंकाने चिकटवा. दुकानाच्या पावतीची शाई उडते म्हणून तिचा मोबाईलवर फोटो पण काढून ठेवा. बापाने कधी पाचशे-हजार पाठवले तर तेही प्रामाणिकपणे लिहा. पैसे शक्यतो खात्यात घ्या, हातात नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुलांनी हे काम करावं. चौथी-पाचवीचं मूल हे सहज करतं, मी करून घेतलं आहे, आणि बेरीज-वजाबाकीचा इतका चांगला सराव स्वाध्यायपुस्तिकेत होत नाही.

त्याशिवाय क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहेच. एकल पालकाच्या मुलाला महिना २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. यावर स्वतंत्र लेख लिहीन.

पालकांचे दोन प्रश्न

"तो म्हणतो, पोराला भेटू देत नाही तर पैसे कशाला देऊ?" ताई, भेट आणि पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेटीसाठी त्याने वेगळा अर्ज करावा. औषध मात्र आजच लागतं.

"कोर्टाने हुकूम दिला, पण तो देतच नाही." हुकुमाची प्रत तुम्हाला मोफत मिळते आणि तो राहतो तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही ती वापरून वसुली मागता येते. वसुलीचं वॉरंट निघतं. तरी दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. "देईल, देईल" म्हणून तीन वर्षं वाट बघितली तर या रस्त्याने जुने महिने हातचे जातात. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर हुकुमाची तारीख लिहा, आणि तिच्याखाली न आलेल्या प्रत्येक महिन्यापुढे फुली मारत चला. सहा फुल्या झाल्या की वकिलाला फोन करा.